माहुलीचा किल्ला कसा वाचावा?

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलेल्या प्रवाशानें वासिंद स्टेशनाच्या आसपास डाव्या हातास दृष्टि टाकली, तर करवतीच्या दात्यांसारख्या शिखरांची एक लांबलचक डोंगररांग त्याच्या नजरेस पडते. कांहीं सुळके तर मुख्य डोंगरापासून सुटून एकटेच आकाशांत उभे राहिलेले दिसतात. त्यांतील जवळजवळ उभ्या असलेल्या सुळक्यांना आसपासच्या लोकांनीं नवरा, नवरी आणि भटोबा अशीं नांवें दिलीं आहेत. मंगलाष्टकें चालू असतांनाच ही मंडळी दगड होऊन राहिली कीं काय, असा क्षणभर भास होतो. समुद्रसपाटीपासून सुमारें २,८०० फूट उंच असलेला हा डोंगर म्हणजेच ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील माहुलीचा किल्ला होय.

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील किती तरी माणसें हा डोंगर रोज येतां-जातां पाहतात, आणि सुट्टीच्या दिवशीं आसनगांव स्टेशनावर उतरून तो चढतातहि. परंतु दोन-तीन तासांची दमछाक सोसून माथ्यावर पोहोंचलेल्यांपैकीं अनेकांची निराशा होते. रायगडावरील बाजारपेठेचे चौथरे किंवा पन्हाळ्यावरील धान्यकोठारांच्या भव्य इमारती येथें नाहींत. एक मोडकें प्रवेशद्वार, त्याच्या बाजूच्या पहारेकऱ्यांच्या देवड्या, पाण्याचीं टांकीं, एक तळें, झाडींत लपलेले कांहीं चौथरे व तटाचे तुकडे, एवढेंच काय तें दिसतें. मग “येथें पाहण्यासारखें आहे तरी काय?” असा प्रश्न सहज तोंडांतून निघतो. या प्रश्नाचें उत्तर किल्ल्यावर जेवढें अवलंबून आहे, तेवढेंच पाहणाराच्या तयारीवरहि अवलंबून आहे. ज्याला मोडी येत नाहीं, त्याला पेशवे दफ्तरांतील अस्सल कागद हा नुसता शाईचा पसारा वाटावा, त्यांतलाच हा प्रकार आहे. पडका किल्ला हाहि एक दस्तऐवजच असतो. तो वाचण्याची विद्या म्हणजे पुराणवस्तुशास्त्र.

वाचनाचा आरंभ किल्ला बांधणाऱ्या माणसापासून न करतां डोंगरापासून करावा लागतो. सह्याद्रीचा बहुतेक सारा कातळ ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त शिलारस वारंवार बाहेर आला, पसरला व थिजला. अशा थरांवर थर बसून दख्खनचें पठार तयार झालें. हे थर सर्व सारख्याच कठीणपणाचे नाहींत. जो थर मऊ, तो पावसानें झिजून उतरता होतो. जो कठीण, तो ताठ उभा राहतो. म्हणूनच सह्याद्रीच्या डोंगराचा आकार पायऱ्यांसारखा दिसतो: खालीं उतार, वर कडा, पुन्हां उतार, पुन्हां कडा. शिलारस थंड होतांना आकसतो व त्यांत उभ्या भेगा पडतात. त्या भेगांत पाणी शिरून खडकाचे भाग सुटत जातात आणि मधले घट्ट भाग सुळक्यांच्या रूपानें मागें राहतात. नवरा-नवरींच्या लग्नाची खरी कथा ही अशी आहे.

याचा किल्ल्याशीं संबंध निकटचा आहे. मैदानांतील भुईकोट किल्ल्याला चारहि बाजूंनीं तट बांधावा लागतो, भोंवतीं खंदक खणावा लागतो. डोंगरी किल्ल्याचा तट निसर्गानेंच बांधून दिलेला असतो. कारागिरानें फक्त जेथें कडा तुटला आहे, जेथें घळ वर चढते, तेवढीच जागा भिंत घालून बंद करावयाची. यामुळें किल्ल्यावरील तटाचा एखादा लहानसा तुकडा दिसला, तर “बाकीचा तट पडला” असें घाईनें मानूं नये. पुष्कळदां बाकीचा तट कधीं बांधलेलाच नसतो, कारण त्याची गरज नसते. उलट, त्या तुकड्यावरून शत्रु कोठून वर येईल अशी धास्ती बांधणाराला वाटत होती, हें अचूक कळतें.

माहुलीच्या माथ्याचे तीन भाग आहेत. उत्तरेस पळसगड, मध्यें माहुली व दक्षिणेस भंडारगड. भंडारगडाच्या बाजूस कल्याण दरवाजा या नांवानें ओळखली जाणारी वाट आहे. दरवाजाला त्याच्या दिशेच्या गांवाचें नांव देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आणि अशा एका नांवांतूनहि इतिहास कळतो. या किल्ल्याचें तोंड कल्याणाकडे होतें. माहुलीचें महत्त्व कां होतें, याचें उत्तर कल्याणाच्या महत्त्वांत आहे.

कल्याण हें आज कोट्यवधि लोकांच्या येण्याजाण्याचें जंक्शन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं तें बंदर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथांत कल्याणाचा उल्लेख आहे. एके काळीं हें बंदर परदेशी व्यापाराला खुलें होतें, परंतु पुढें तेथें अडथळे आले व चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात, असें तो ग्रंथकार सांगतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याण येथील दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या प्रवाशानेंहि कल्याणाची नोंद केली. बंदरावर उतरलेला माल घाटावर जावयाचा आणि घाटावरचा माल खालीं यावयाचा. एक वाट मुरबाडावरून नाणेघाटानें जुन्नरास जात असे. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध लेख आहे. दुसरी वाट थळघाटानें नाशिकाकडे जात असे. आजचा मुंबई-नाशिक रस्ता आणि लोहमार्ग या दोहोंनीं मोठ्या अंशानें तीच दिशा धरली आहे. माहुलीचा डोंगर या दुसऱ्या वाटेवर डोळा ठेवून उभा आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. वाट दोन हजार वर्षांची आहे म्हणून किल्लाहि दोन हजार वर्षांचा, असें अनुमान काढणें शास्त्राला मान्य नाहीं. परिसर प्राचीन आहे, यांत शंकाच नाहीं. उत्तर कोंकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे आजचें ठाणें. आणि अंबरनाथचें शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चें आहे, हें तेथील शिलालेखावरूनच ठरलें आहे. पण देवालयाला जसा स्वतःचा लेख आहे, तसा प्रत्येक किल्ल्याला असतोच असें नाहीं. ज्या किल्ल्याला लेख नाहीं, त्याचें वय त्याच्याच अंगावरील खुणांवरून काढावें लागतें. मनुष्याच्या जन्मपत्रिकेच्या अभावीं वैद्य त्याचे दांत पाहून वयाचा अंदाज करतो, तसेंच हें आहे.

या खुणा कोणत्या? पहिली खूण पाण्याचीं टांकीं. डोंगरावर वस्ती करावयाची तर आधीं पाण्याची सोय हवी. तट नसला तरी कांहीं दिवस निभावतें, पाण्यावांचून दोन दिवसहि निभावत नाहीं. म्हणून बहुधा किल्ल्यावरील सर्वांत जुनें काम टांक्यांचें असतें. टांकें उघडें आहे कीं कातळाच्या पोटांत खांब सोडून खोदलें आहे, छिन्नीच्या रेघा कशा आहेत, जवळपासच्या लेण्यांतील खोदकामाशीं त्यांचें साम्य आहे काय, हें सारें पाहावयाचें असतें. दुसरी खूण बांधकामाची. दगड नुसता एकावर एक रचला आहे कीं चुन्यांत बसविला आहे? दरवाजावर आडवी शिळा टाकली आहे कीं कमान वळविली आहे? कमान टोंकदार आहे कीं अर्धगोल? दरवाजा सरळ समोर येतो, कीं दोन बुरुजांच्या मध्यें वळण घेऊन लपतो? या प्रत्येक रीतीचा आपला काळ असतो. मात्र जुनी रीत पुढेंहि चालू राहूं शकते, म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवतां येत नाहीं.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची खूण मातींत असते. खापरांचे तुकडे, कौलांचे तुकडे, विटा, मणी, नाणें, चुलींतील राख, जनावरांचीं हाडें, यांना बाजारांत कवडीची किंमत नाहीं. पण शास्त्राच्या दृष्टीनें हींच मोलाचीं. कारण खापर कुजत नाहीं, आणि प्रत्येक काळाच्या कुंभाराची घडण निराळी असते. परंतु हीं खापरें बोलतात तीं केवळ आपल्या जागीं असतांना. ज्या जागीं माणसें राहतात, तेथें वर्षानुवर्षें मातीचे थर सांचतात. खालचा थर आधींचा, वरचा थर नंतरचा. कोणती वस्तु कोणत्या थरांत सांपडली, हीच तिच्या वयाची साक्ष. तीच वस्तु उचलून कपाटांत ठेवली, तर वस्तु राहते व साक्ष नाहींशी होते.

थरांचें हें शास्त्र डोंगरी किल्ल्यांवर कसें लावावें, याचें एक नामांकित उदाहरण इंग्लंडांतील आहे. डॉर्सेट परगण्यांत मेडन कॅसल नांवाची एक प्रचंड टेंकडी आहे. तिच्या भोंवतीं मातीचे तट व खंदक आहेत. कोरीव लेख नाहीं, राजवाडा नाहीं. १९३४ ते १९३७ या काळांत मॉर्टिमर व्हीलर यांनीं तेथें थरांगणिक उत्खनन केलें आणि त्या मुक्या टेंकडीवरील वस्तीचा क्रम लावून दाखविला. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळांत भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. तक्षशिला येथें त्यांनीं भारतीय विद्यार्थ्यांना या पद्धतीचें शिक्षण दिलें. पुढें या देशांत झालेल्या उत्खननांवर त्या शिक्षणाचा ठसा उमटला.

माहुलीच्या बाबतींत कागदोपत्रीं इतिहासहि थोडाथोडका नाहीं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानें जे डोंगरी किल्ले जिंकले, त्यांत माहुलीचें नांव येतें. पुढें याच किल्ल्यावर निजामशाहीचा शेवट झाला, हा दैवयोग विलक्षण होय. शहाजीराजांनीं मूर्तजा नांवाच्या निजामशाही वंशांतील मुलाला गादीवर बसवून कांहीं वर्षें राज्य सांवरून धरलें होतें. १६३६ मध्यें मोगल सरदार खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान यांच्या सैन्यांनीं माहुलीस वेढा दिला. दोन पातशाह्यांच्या फौजांपुढें एकट्या किल्ल्याचा टिकाव लागणें शक्य नव्हतें. शहाजीराजांनीं किल्ला सोडला, तो मुलगा मोगलांच्या स्वाधीन झाला आणि निजामशाही संपली. राजे विजापूरच्या चाकरींत गेले.

१६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व लागलीच १६५८ च्या जानेवारींत माहुलीहि घेतली. बंदर हातीं आल्यावर त्याची वाट राखणारा किल्ला हातीं नसेल, तर बंदराचा उपयोग किती? दोन्ही घटनांमधील अल्प अंतरच हें सांगून जातें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत माहुली होता. १६७० मध्यें महाराजांनीं गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला, त्या वेळीं माहुलीचा मोगल किल्लेदार मनोहरदास गौड हा होता. मराठ्यांचा पहिला हल्ला त्यानें परतविला व त्यांत मराठ्यांची मोठी हानि झाली. पुढें मनोहरदास गेला, त्याच्या जागीं अलावर्दी बेग आला, आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत मोरोपंत पिंगळे यांनीं किल्ला जिंकला. त्या लढाईंत नवा किल्लेदार मारला गेला. डोंगर तोच, कडे तेच, तट तोच. बदलला होता फक्त किल्लेदार. किल्ल्याची बळकटी केवळ दगडांत नसते, हें यावरून दिसतें.

१८१८ मध्यें पेशवाईचा अंत झाला. त्याच वर्षीं कॅप्टन डिकिन्सन या इंजिनियर अधिकाऱ्यानें ठाणें भागांतील किल्ल्यांची पाहणी केली. नव्या सरकारला डोंगरी किल्ल्यांचा उपयोग नव्हता. उलट बंडखोरांना आसरा मिळेल हें भय होतें. शिबंदी गेली, छपरें गेलीं, वाटा मोडल्या, झाडें वाढलीं. १८९२ मध्यें डोंगराच्या पश्चिमेस तानसा नदीवर धरण होऊन मुंबईस पाणी जाऊं लागलें. ज्या गडानें शेंकडों वर्षें आपलें पाणी कातळांत जपून ठेविलें, त्याच्या पायथ्याशीं महानगराच्या तहानेचा तलाव झाला. आज माहुलीचें रान तानसा अभयारण्यांत मोडतें.

येथपर्यंत गतकाळाची गोष्ट झाली. आतां वर्तमानाचा विचार करावयास हवा, कारण किल्ल्याचा खरा धोका आजचा आहे. निसर्ग आपलें काम करीतच असतो. ठाणें जिल्ह्यांत वर्षास सुमारें शंभर इंच पाऊस पडतो. पांखरांच्या विष्ठेंतून वड, पिंपळ, उंबर यांचें बीं तटाच्या सांध्यांत पडतें, मूळ आंत शिरतें व दगड बाहेर ढकललें जातात. झाड जोरानें ओढून काढलें, तर मुळाबरोबर तटहि येतो. म्हणून तें जाणत्याच्या देखरेखीखालीं हळूहळू मारावें लागतें.

मनुष्याच्या हातून होणारी हानि दोन प्रकारची आहे. एक अप्रीतीची: नांवें कोरणें, दगड ढकलणें, गुप्तधनाच्या लोभानें खणणें. तिचा निषेध सर्वच करितात. दुसरी प्रीतीची, आणि तीच अधिक विचार करण्याजोगी आहे. शहरांतील उत्साही तरुण रविवारची विश्रांति सोडून, पदरचे पैसे खर्चून किल्ल्यावर जातात, टांक्यांतील गाळ काढतात, विखुरलेले दगड गोळा करून नीट रचतात, पडक्या भिंतीस सिमेंट लावतात. त्यांच्या हेतूबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु टांक्यांतला गाळ हा नुसता चिखल नव्हे. त्यांत तळाशीं पहिल्या वस्तीच्या काळचें खापर असेल, मध्यें एखाद्या वेढ्याच्या वेळचा तोफेचा गोळा असेल, वर अलीकडची पानें असतील. फावड्यानें तो एकदम उपसून कड्याखालीं टाकला, कीं तीनशें-चारशें वर्षांची रोजकीर्द एका सकाळीं पुसली जाते. विखुरलेले दगडहि निरर्थक नसतात. ते कोणत्या बाजूस व कसे पडले आहेत, यावरून भिंत आपोआप कोसळली कीं पाडली गेली, हें तज्ज्ञाला कळतें.

सिमेंटाची गोष्ट तर रसायनशास्त्राची आहे. जुना चुना म्हणजे भाजलेला चुनखडीचा दगड किंवा शिंपले. तो पाण्यांत विरवून, वाळू घालून घाणींत मळीत. त्यांत गूळ, हिरडा वगैरे पदार्थहि घालीत. हा चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु घेऊन हळूहळू पुन्हां दगड होतो, पण थोडा मऊ व सच्छिद्र राहतो. भिंतींत शिरलेलें पाणी त्यांतून बाहेर निघून जातें. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट १८२४ चें. त्याचा स्वभाव उलट आहे. तें कठीण व घट्ट असतें. बाहेरून सिमेंटानें लिंपलेल्या भिंतींतील पाणी आंतच कोंडतें, आंतला जुना चुना भिजून भुसभुशीत होतो, आणि कांहीं पावसाळ्यांनंतर नव्या लेपासकट भिंत सुटते. बळकटी आणण्यासाठीं केलेला उपायच घातक ठरतो.

मग किल्ले तसेच पडूं द्यावे काय? मुळींच नाहीं. कायदा व शास्त्र या दोहोंनीं मार्ग दाखविला आहे. प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठीं १९०४ मध्यें कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्यें केन्द्राचा नवा कायदा व १९६० मध्यें महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. जमिनींत सांपडलेल्या धनासंबंधींचा १८७८ चा कायदा तर असा आहे कीं, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास ती कलेक्टरास कळविलीच पाहिजे. जुलै १९२५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जुलै २०२५ मध्यें, मराठ्यांच्या लष्करी वारशाचे निदर्शक म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत व एक, जिंजी, तामिळनाडूंत आहे. त्या बारांत ठाणें जिल्ह्यांतील एकहि नाहीं. यांत रुसण्याचें कारण नाहीं. पण यादीबाहेरच्या किल्ल्यांकडे प्रवासी येतात आणि तज्ज्ञ मात्र क्वचित् येतात, ही स्थिति लक्षांत घेण्यासारखी आहे. तेथें रक्षणाचा भार फार मोठ्या अंशानें जाणाऱ्यायेणाऱ्या सुशिक्षितांच्या समजुतीवर पडतो.

ही समजूत कठीण नाहीं. कोठें कांहीं सांपडलें, तर तें न उचलतां जागेचें छायाचित्र घ्यावें, शेजारची खूण लिहून ठेवावी व पुरातत्त्व खात्यास कळवावें. टांकीं साफ करावयाचीं तर खात्याची परवानगी व जाणता मनुष्य बरोबर असावा. अभयारण्यांत वन खात्याचीहि अनुज्ञा असावी. गाळ थराथरानें निघावा व चाळला जावा. दरसाल त्याच जागेवरून त्याच भिंतीचें छायाचित्र काढून ठेविलें, तरी दहा वर्षांत एक उत्तम नोंद तयार होईल. हें काम फावड्याहून हलकें आहे, आणि पुढील संशोधकाला त्याचा उपयोग फार मोठा आहे.

माहुलीच्या मातींत अद्यापि पुष्कळ मजकूर न वाचलेला पडला आहे. छापील पुस्तकाचें पान फाटलें तर दुसरी प्रत मिळते. किल्ल्याची प्रत एकच असते. वाचणारा आज नसला, तरी तो उद्यां येईल. तोंवर पानें जागच्या जागीं राखणें, एवढेंच आजच्या पिढीचें काम आहे.